सह्याद्रीत एकट्याने पहिला मुक्काम : ठाणे-नवी मुंबईतून निघणाऱ्यांसाठी

एकट्याने डोंगरात रात्र काढायची म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण आहे?" ‘कुणी नाही’ म्हटलं की पुढचं बोलणंच थांबतं. त्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावं म्हणून हे लिहिते आहे. मी ठाण्याची. आधी बरीच वर्षं गटाबरोबर आणि पुढे एकटीने सह्याद्रीत फिरत आले आहे. नव्याने सुरुवात करणारे तेच तेच विचारतात: कुठे जाऊ, काय घेऊ, बिबट्या आला तर? बिबट्या सहसा माणसाला टाळतो. धोका असतो तो चुकलेल्या वाटेचा, संपलेल्या पाण्याचा आणि अवेळी झालेल्या अंधाराचा. त्यातच तुमचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नसेल, तर साधा मुरगळलेला पायसुद्धा जिवावर बेततो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट सारखी येईल. चालायचं एकट्याने, पण आपण कुठे आहोत हे दर टप्प्यावर कुणाला तरी माहीत हवं.

१. आधी महिना ठरवा

पहिल्या एकट्या मुक्कामासाठी नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. पावसाळा संपलेला असतो, टाक्यांत आणि झऱ्यांत अजून पाणी असतं, ऊन सोसवतं. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण त्यानंतरही संध्याकाळी गडगडाटासह सरी येतात आणि ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं. मार्चनंतर पाणी आटतं, गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणवे लागतात.

पावसाळ्यात एकट्याने मुक्काम करूच नका. हे मी ठासून सांगते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तिथले लोक आपापल्या घरांत झोपलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगराच्या कुशीत राहिलेल्यांना जे आधी कळलं नाही, ते शनिवारी लोकलने आलेल्या आपल्याला कुठून कळणार? शिवाय पावसाळ्यात रायगड, ठाणे, पुणे जिल्ह्यांत धबधबे आणि काही किल्ल्यांवर बंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात.

तारीख शक्यतो पौर्णिमेच्या आसपासची घ्या. चांदण्यात तंबूबाहेरचं आवार दिसतं आणि पहिल्या रात्रीची अर्धी भीती तिथेच कमी होते.

२. जागा : हाकेच्या अंतरावर वस्ती हवी

पहिल्या वेळी ‘जिथे कुणीच नाही’ अशी जागा शोधू नका. मी दोन जागा सुचवते.

राजमाची. ठाण्याहून कर्जत लोकल, कर्जतहून रिक्षा किंवा टमटमने कोंदिवडे. तिथून कोंढाणे लेण्यांवरून चढत उधेवाडीला यायला सॅकसह साडेतीन-चार तास धरा. चढ दोन हजार फुटांच्या जवळपास आहे आणि बराचसा झाडीतून. उधेवाडीत घरोघरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. जवळच उदयसागर तलाव आणि महादेवाचं जुनं मंदिर आहे, वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथ. चढ नको असेल तर लोणावळ्याकडून गाडीरस्त्यासारखी लांब पण सोपी वाट आहे, साधारण पंधरा किलोमीटरची. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन कर्जत लोकल धरावी किंवा पनवेलहून रस्त्याने कर्जत गाठावं.

प्रबळमाची. पनवेलहून ठाकूरवाडी, तिथून दीड-दोन तासांत माची. खारघर, कामोठे, पनवेलकडच्यांना ही सर्वांत जवळची. माचीवर घरं आहेत, जेवण मिळतं, अंगणात तंबू लावू देतात. शनिवारी तिथे गर्दी आणि गोंगाट असतो, म्हणून मधला वार बघा. समोरच्या कलावंतीण सुळक्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांना कठडा नाही. तिथे एकट्याने, अंधारात किंवा सॅक पाठीवर घेऊन जायचं नाही.

आता कुठे जायचं नाही ते. अलंग-मदन-कुलंगला दोर आणि अनुभवी साथ लागते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सांधण दरी, चंदेरीचा सुळका, मलंगगडाचा वरचा टप्पा ही एकट्याने सुरुवात करायची ठिकाणं नाहीत. आणि घरामागेच आहे म्हणून येऊरच्या जंगलात तंबू घेऊन शिरू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा खरोखर वावर आहे. कर्नाळा अभयारण्याचंही तेच, तिथे सकाळी जाऊन संध्याकाळच्या आत परतायचं.

३. परवानगी विचारून घ्या

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते. आपल्याकडचे बरेच लोकप्रिय गड अभयारण्यात येतात हे पुष्कळांच्या गावीही नसतं. आसनगावजवळचा माहुली तानसा अभयारण्यात आहे, हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. अशा ठिकाणी मुक्कामाचे नियम बदलत राहतात. गेल्या वर्षी मित्राने तंबू लावला होता हा पुरावा होत नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा, नाक्यावर पावती घ्या आणि ती जपून ठेवा.

किल्ला संरक्षित स्मारक असेल तर तटबंदीत, मंदिरात किंवा गुहेत तंबू ठोकायचा नाही. वस्तीजवळची जागा कुणाच्या तरी मालकीची असते. "मावशी, इथे रात्रीपुरता तंबू लावला तर चालेल का?" एवढं विचारलं की नाही म्हणणारं घर क्वचित भेटतं. विचारल्याचा दुसरा फायदा म्हणजे त्या रात्री तिथे कुणीतरी आहे हे घरातल्या सगळ्यांना कळतं.

४. महिनाभर आधीची तालीम

पायांची तालीम सोपी आहे. ठाणेकरांना येऊरचा रस्ता, नवी मुंबईकरांना खारघरचा डोंगर किंवा पारसिकची टेकडी. आठवड्यातून तीनदा तासभर चढ-उतार, आणि शेवटचे दोन आठवडे भरलेली सॅक घेऊन. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे दमल्यावर ओतून टाकता येतात. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. म्हणून उतरण्याचा सराव टाळू नका.

मग इमारतीच्या गच्चीवर तंबू लावा. दोनदा उजेडात, एकदा दिवे घालवून फक्त हेडटॉर्चवर. त्यातच एक अख्खी रात्र झोपा. स्लीपिंग बॅगची चेन कुठे अडकते, खालच्या मॅटने पाठ दुखते का, रात्री उठल्यावर टॉर्च हाताला लागते का, हे सगळं तिथे कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.

नंतर ज्या वाटेने मुक्कामाला जाणार तीच वाट एकदा कुणाबरोबर दिवसाउजेडी करून या. एकट्याने मुक्काम करायची वाट आधी चाललेली असावी. पहिल्या वर्षी तरी या नियमाला मी कुणासाठीच सूट देत नाही.

५. सॅक भरताना

एकूण वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. साठ किलोच्या माणसाने पाण्यासकट बारा किलो ही शेवटची मर्यादा धरावी, आणि एका रात्रीसाठी दहातही भागतं. पन्नास लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक पुरते. तो पट्टा घट्ट बांधा. वजन खांद्यांवर न येता कमरेवर यायला हवं. जड वस्तू पाठीला चिकटून मध्यभागी ठेवा, झोपायचं सामान तळाशी.

काय काय लागेल:

- दोन माणसांचा हलका तंबू (आत सॅक ठेवायला जागा हवी), खुंट्या, चार मीटर जादा दोरी
- स्लीपिंग बॅग, फोमची मॅट
- हेडटॉर्च, जादा सेल आणि दुसरी छोटी टॉर्च. मोबाइलच्या दिव्याला टॉर्च समजू नका, हात मोकळे राहत नाहीत आणि बॅटरी जाते
- शिट्टी, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली
- पॉवर बँक, केबल, वाटेचा नकाशा मोबाइलमध्ये आणि कागदावरही
- पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण लांबीची पँट, कानटोपी, एक गरम कपडा, झोपायचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत
- प्रथमोपचार: क्रेप बँडेज, जंतुनाशक, बँडपट्ट्या, ओआरएस, ताप-दुखण्याच्या गोळ्या, तुमची नेहमीची औषधं
- क्लोरीनच्या गोळ्या, चाकू, काडेपेटी, मोठ्या कचरापिशव्या दोन

बूट नवे असतील तर आधी पन्नासेक किलोमीटर वापरून मऊ करा. दिवाळीनंतर सह्याद्रीतल्या वाटांवर घसारा असतो, म्हणजे सुटी माती आणि बारीक खडे. त्यावर शहरी रनिंग शूज बर्फावरच्यासारखे सरकतात. तळाला खोल नक्षी हवी.

तंबू, सॅक, स्लीपिंग बॅग भाड्याने मिळतात. पहिल्या मुक्कामासाठी विकत घेऊ नका. भाड्याचा तंबू घेतलात तर दुकानातच उघडून खुंट्या मोजा आणि चेन लावून बघा.

६. स्वयंपाकाचा मोह सोडा

बहुतेक जण इथे अडकतात. छोटा गॅस आणि कॅनिस्टर घेऊन डोंगरात चहा करायचं चित्र डोळ्यांसमोर असतं. पण आपण निघतो लोकलने, आणि गॅसचे डबे, रॉकेल, स्टोव्ह असं ज्वालाग्राही सामान घेऊन रेल्वेने प्रवास करायला मनाई आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली त्यासाठी कैदेचीही तरतूद आहे. गर्दीच्या डब्यात गॅसचा डबा असणं किती भयानक ठरू शकतं, हे कायद्याने सांगायचीही गरज नाही. जागेवर गेल्यावर लाकडं पेटवायची म्हटलं, तर वाळलेल्या गवतात एक ठिणगी अख्खा डोंगर जाळते. घुबडं, ससे, साप, कारवीची रोपं, गावकऱ्यांचं गवत, सगळं त्यात जातं.

म्हणून एका रात्रीसाठी न शिजवता खाता येईल असंच न्या. आपल्याकडे त्याची मुळीच कमतरता नाही: दुधातल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे सातूचं पीठ. गार पाण्यात गुळाबरोबर कालवलं की पोटभर होतं आणि भांडंही एकच लागतं. रात्रीचं जेवण वस्तीत सांगा. पोहोचल्या पोहोचल्या सांगितलं तर चुलीवरची भाकरी आणि पिठलं वेळेवर मिळतं, आणि तुम्ही जेवायला आला नाहीत तर कुणीतरी शोधायला निघतं. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पाणी निघताना तीन लिटर. वाटेत पाणी आहे असं माहीत असलं तरी तीन लिटरच. टाक्यातलं पाणी आधी फडक्यातून गाळायचं, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. गडावर एकाहून जास्त टाकी असतात आणि सगळ्यांचं पाणी प्यायचं नसतं. म्हणून खालीच विचारून घ्या.

"मामा, वर प्यायचं पाणी कुठल्या टाक्यात आहे?"

"खालच्या अंगाच्या टाक्यातलं घ्या. वरच्यात म्हशी बसतात."

एवढ्या बोलण्याने पोटाचा एक आठवडा वाचतो.

७. दोन कागद

एक कागद घरी राहील, दुसरा तुमच्या खिशात.

घरच्या कागदावर हे लिहा: कुठल्या गाडीने निघणार, पायथ्याचं गाव, चढायची वाट, मुक्कामाचं घर किंवा जागा, गावातल्या यजमानांचा नंबर, उतरायची वाट, तंबूचा आणि जॅकेटचा रंग. त्याखाली दोन वेळा. पहिली, खाली पोहोचल्याचा निरोप कधी अपेक्षित आहे, समजा रविवारी दुपारी एक. दुसरी, कधीपर्यंत निरोप आला नाही तर हालचाल सुरू करायची, समजा चार. मधले तीन तास उशीर, थकवा, नेटवर्क न मिळणं यांसाठी. चार वाजले की पहिला फोन गावातल्या यजमानांना, दुसरा ११२ ला. वाट बदलायची झाली तर बदलण्याआधी कळवायचं. कळवता येत नसेल तर बदलायची नाही.

हा कागद कुणाकडे ठेवायचा याचाही विचार करा. मला वाटतं, तो सर्वांत जास्त काळजी करणाऱ्याकडे नको, सर्वांत शांत डोक्याच्या माणसाकडे हवा. आईला सगळं सांगा, पण घड्याळावर नजर ठेवायचं काम बहिणीला किंवा शेजारच्या काकांना द्या.

महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही डोंगरातल्या बचावकार्याचा समन्वय करणारी संस्था आहे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र आणि खोपोलीची यशवंती हायकर्स ही पथकं राजमाची-कर्जत-खोपोली भागात मदतीला धावणारी. तिघांचे चालू नंबर निघण्याआधी शोधून घरच्या कागदावर लिहा. ही माणसं आपापली कामं सोडून रात्री-अपरात्री डोंगर चढतात, म्हणून खरी गरज असेल तेव्हा संकोच करू नका आणि हौसेखातर बोलावूही नका.

खिशातल्या कागदावर नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, घरचे दोन नंबर. प्लास्टिकच्या पिशवीत. सोबत आधारची प्रत, वन विभागाची पावती आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा. नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, आणि डोंगरातल्या घरात पाचशेचे सुटे मागणं बरं नाही.

८. वाटेवर

पहिल्या लोकलने निघा. सॅक मोठी असेल तर शनिवारी सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेच्या गाडीतही दाराजवळ उभं राहू नका, आत रॅकवर ठेवा.

पायथ्याच्या गावात दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, वाट विचारा. विचारताना "ही वाट राजमाचीलाच जाते ना?" असं विचारू नका, समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. "राजमाचीला कुठून जायचं?" असं विचारा आणि त्याला हाताने दाखवू द्या. तुम्ही कुठे चाललात, एकटे आहात, उद्या कधी उतरणार, हे तिथे सांगून पुढे व्हा. महिलांना कधी कधी वाटतं की एकटी आहे हे सांगू नये. रस्त्यात भेटणाऱ्या अनोळखी टोळक्याला नकोच सांगायला, "मागून मंडळी येतायत" म्हणा आणि पुढे चला. पण पायथ्याच्या घरातल्या बाईला जरूर सांगा.

आता सर्वांत मोठा फसवा प्रकार, ढोरवाटा. गुरं चरायला जातात तिथे त्यांच्या पायांनी छान मळलेल्या वाटा तयार होतात. त्या माणसांच्या वाटेपेक्षाही ठळक दिसतात, डोंगराला आडव्या जातात, आणि शंभर-दोनशे पावलांनी झुडपांत विरून जातात. ओळखायचं कसं? वाट वारंवार फुटत असेल, फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या येत असतील, शेणाच्या पोवट्या आहेत पण बुटांचे ठसे, बिस्किटांची कागदं, दगडावरचे बाण यातलं काहीच नाही, तर ती ढोरवाट समजा. तिथूनच मागे फिरा.

वाट चुकली हे कळल्यावर थांबा. बसा, पाणी प्या, दहा मिनिटं काहीच ठरवू नका. मग ज्या ठिकाणी वाट नक्की बरोबर होती तिथपर्यंत मागे या, मग ते अंतर एक तासाचं का असेना.

ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायचं मात्र कधीच नाही. पाणी खाली जातं म्हणजे गाव येईल, हा विचार सह्याद्रीत घात करतो. हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्हाच्या आडव्या थरांचे आहेत. कठीण थर कड्यासारखे उभे राहतात आणि मधले मऊ थर झिजून पट्टे होतात. त्यामुळे ओढा थोडा वेळ सोप्या उताराने जातो आणि एकाएकी पन्नास-शंभर फूट कोसळतो. तुम्ही तीन छोटे टप्पे उडी मारून उतरलेले असता, चौथा उतरता येत नाही आणि मागचे तीन चढता येत नाहीत. खोल घळीत नेटवर्क नसतं आणि हाकही वर पोहोचत नाही. चुकल्यावर सोंडेवर, उघड्यावर, उंचावर या. तिथून वस्ती दिसते, फोन लागण्याची शक्यता वाढते. तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन. फोन लागत नसला तरी एसएमएस पाठवून ठेवा, क्षणभर रेंज आली की तो जातो.

९. तंबू कुठे आणि कधी

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत त्याआधीच अंधारतं. तंबू पाचला उभा असायला हवा. त्यासाठी दुपारी तीनपर्यंत वस्तीत पोहोचायचं, त्यासाठी दहाच्या आत चढाई सुरू. असं उलटं मोजत या.

कड्याच्या धारेजवळ, कड्याच्या पायथ्याशी (वरून माकडं दगड ढकलतात), कोरड्या ओढ्यात, एकट्या उंच झाडाखाली आणि उंच गवतात तंबू नको. वर नजर टाका. कड्याच्या छपरीखाली किंवा मोठ्या झाडावर काळ्या-तपकिरी पडद्यासारखं लोंबणारं आग्या मोहोळ दिसलं, तर दूर जा आणि तिथे ना धूर करायचा, ना अत्तर-डिओ मारायचा, ना मोठ्याने ओरडायचं. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-मान झाकून शक्य तितक्या लांब पळा, किंवा तंबूत शिरून चेन लावा.

तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला. वरची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने पहाटे आतून पाणी ठिबकतं.

१०. रात्र

पहिली रात्र झोप लागणार नाही, हे धरूनच चला. मिट्ट शांतता असेल असं वाटतं, पण जंगल रात्री बोलत असतं. रातवा पक्षी एकाच लयीत तासभर ओरडतो. कोल्हेकुई लांबून येते आणि तंबूशेजारी आल्यासारखी वाटते. वाळक्या पानांवर उंदीर चालला तरी माणूस चालल्यासारखा आवाज होतो. बाहेर काय आहे ते बघायला दर वेळी उठू नका. टॉर्च उशाशी, शिट्टी गळ्यात, चाकू हाताशी ठेवा आणि आडवे व्हा. तीन-चारच्या सुमारास थंडी वाढते, तेव्हाची कानटोपी झोपतानाच घालून ठेवा.

तंबूची चेन पूर्ण बंद, नेहमी. याचं मोठं कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर पुष्कळदा कळतही नाही, कारण दुखत नाही. बूट आत घ्या, सकाळी झटकून मगच घाला. बाहेर जायचं तर आधी उजेड टाका, मग पाऊल. खाण्याचं सामान बंद डब्यात, दोरीने झाडाला टांगून. माकडं आणि गावातली कुत्री दोघंही तंबू फाडतात.

शौचाला पाण्यापासून किमान सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा करून, नंतर माती. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, वेगळ्या पिशवीत बांधून घरी आणायचे.

मन फारच घाबरलं तर उठून वस्तीत जा आणि ओसरीवर झोपा. तेवढ्यासाठीच तर वस्तीजवळ मुक्काम केला आहे.

११. चावा, डंख, मुरगळ

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत आणि सरकारी रुग्णालयांत मिळणारी प्रतिविष लस या चारही विषांवर चालते. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्या, शिट्टी वाजवून माणसं बोलवा आणि १०८ ला फोन करा. पळत खाली उतरायचं नाही, झोळी करून उचलून नेऊ द्या. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं, हे घरून निघतानाच बघून ठेवा.

कोकणपट्टीतला लाल विंचूही जीव घेऊ शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने त्याच्या दंशावर उपचार रूढ केला आणि मृत्यू खूप कमी झाले. डंखानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर लगेच रुग्णालय. औषध मात्र डॉक्टरनेच द्यायचं.

घोटा मुरगळला तर बूट काढू नका, सूज आल्यावर परत चढत नाही. वरून क्रेप बँडेज गुंडाळा आणि काठी घेऊन हळूहळू वस्तीकडे या.

१२. उतरताना आणि घरी

सकाळी आठच्या आत निघा. जाताना यजमानांना सांगा, पैसे नीट चुकते करा, घासाघीस नको. तंबूच्या जागेभोवती एक फेरी मारून स्वतःचा आणि दिसेल तेवढा इतरांचाही कचरा पिशवीत भरा.

खाली पोहोचल्याचा निरोप गाडीत बसल्यावर पाठवू असं म्हणू नका. पायथ्याच्या गावात रेंज आली की लगेच पाठवा, म्हणजे घरी घड्याळ बघत बसलेला माणूस मोकळा होईल. यजमानांनाही एक फोन करा.

घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू गोचिडांसाठी तपासा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात झोपून आल्याचं सांगा. तंबू दवाने ओला असतो, तो त्याच दिवशी गच्चीवर सावलीत वाळत घाला. तसाच गुंडाळून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते, आणि भाड्याचा असेल तर अनामत परत मिळत नाही.